शेजारच्या सीटचा खड्डा

दुकानातलं मोठं मशीन बंद पडलं, मोटर दुरुस्तीला गेली आणि तीन दिवस येणार नाही असं कळलं, म्हणून कुशनवाल्या बाई समुद्रावर आल्या. नाहीतर कसल्या येतात! नवरा पाच वर्षं दर महिन्याला चल म्हणत होता आणि बाई पाच वर्षं दर महिन्याला नाही म्हणत होत्या. कधी कुणाचा सोफा, कधी नाटकगृहाच्या खुर्च्या. सुट्टी ही त्यांच्या लेखी औषधासारखी गोष्ट होती, अगदीच सहन होईना झालं तर घ्यायची.

नवरा पोस्टमन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना पोस्टमनच म्हणत. खात्यानं जुनी टपालगाडी लिलावात काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली. मागं फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, खिडकी कापली. खिडकी एका बाजूला दोन बोटं उतरती झाली होती आणि बाईंनी त्यावरून त्यांना दोन वर्षं पुरेल इतकं ऐकवलं होतं. गाडीला पांढरा रंग दिला, पण जिथं तो उडाला होता तिथून टपालाचा जुना रंग डोकावायचा. पुढच्या दोन सीटा मात्र मूळच्याच होत्या.

तर सकाळी बाई आपली पिशवी घेऊन पुढच्या सीटवर चढल्या, बसल्या, आणि गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत त्यांना कळलं की इथं कुणीतरी बसतं.

आता हे तुम्हाआम्हाला कळलं नसतं. सीट जुनी आहे, थोडी बसली आहे, एवढंच आपण म्हटलं असतं. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या भरून दिलेल्या बाईला कोण फसवणार? एकदा एका गिऱ्हाइकाच्या आरामखुर्चीवर हात फिरवून त्यांनी विचारलं होतं, घरात मांजर आहे का, आणि ते म्हातारं आहे का. दोन्ही खरं निघालं होतं. फोम दाबला तरी उठून उभा राहतो, पण काथ्या लक्षात ठेवतो, असं त्यांचे वडील सांगायचे. ह्या सीटमध्ये काथ्या होता. आणि त्यात एक खड्डा होता. कधीमधी बसणाऱ्याचा नव्हे, नेमानं बसणाऱ्याचा. मागच्या बाजूला, गिअरकडे खोल गेलेला.

गिअरकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे. म्हणजे जे कोण बसतं ते तिकडे कलून बसतं. म्हणजे वळून, गप्पा मारत.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पोस्टमन पाच वर्षं एकटेच जात होते, एकटेच येत होते. निदान बाईंचा समज तरी तसाच होता. बाई त्या खड्ड्यात नीट मावत नव्हत्या, सारख्या घसरत होत्या, आणि प्रत्येक वळणावर तो खड्डा त्यांना सांगत होता की बाई, ही जागा तुमची नाही.

"सीट बसलीये," त्या एवढंच म्हणाल्या.

पोस्टमन म्हणाले, जुनी गाडी, चालायचंच. बाई म्हणाल्या, पिशवीत फोम आहे, सुया आहेत, तिथं पोचलो की भरूनच टाकते, अर्ध्या तासाचं तर काम. त्यावर पोस्टमननी उगाचच गाडी हळू केली. असू दे गं म्हणाले. थोड्या वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना, पुन्हा एकदा असू दे म्हणाले. एकदा म्हणाले असते तर बाई विसरल्याही असत्या.

विचारायचं सरळ, असं तुम्ही म्हणाल. अहो, पण विचारलं की उत्तर येतं! आणि ह्या माणसाचं उत्तर खरंच असणार, ही तर पंचाईत होती. पोस्टमन खोटं बोलत नसत. पस्तीस वर्षं त्यांनी गावभरची पत्रं वाटली, पण ह्या घरचं त्या घरी कधी पोचवलं नाही. पोटात ठेवायचं ते ठेवतील, पण कुणी थेट विचारलं तर सांगून मोकळे होतील. म्हणून बाईंनी बाकी सगळं विचारलं. तो मनोरा कसला, ह्या झाडांना एकाच बाजूनं पानं का, त्या होडीवाल्यांनी जाळी निळीच का रंगवलीत. पोस्टमन सगळ्याची उत्तरं देत होते आणि बाईंना जे हवं होतं ते दोघांच्या मधे, गिअरच्या दांड्यापाशी, गप्प बसून होतं.

समुद्र दिसला तेव्हा मात्र बाई घटकाभर सगळं विसरल्या. रस्ता टेकडीवरून वळला आणि एकदम खाली तो, सकाळच्या उन्हात, कुणी न वापरलेला असावा तसा. पोस्टमननी गाडी सपाट खडकाळ जागेवर लावली, चाकांना दगड लावले, शेगडीवर चहा ठेवला. जवळ एक नळ होता, दूर कुणाचं तरी बंद घर होतं, बाकी माणूस म्हणून नाही. सगळं त्यांच्या हातात इतकं सवयीचं होतं की बाई टकामका बघत राहिल्या. घरी ह्या माणसाला साखरेचा डबा सापडत नाही. इथं तो डोळे मिटून काडेपेटी काढत होता. गाडीच्या टपावर गळाच्या दोन काठ्या बांधलेल्या होत्या. दोन कशाला, असं बाईंनी विचारलं. एक तुटली तर, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

मग चहा पिऊन पोस्टमननी सदरा काढला, पाण्यात शिरले आणि पोहायला लागले.

बाईंच्या हातातला कप हातातच राहिला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ह्या माणसाला पोहता येत नव्हतं. एकदा गुडघाभर पाण्यातून पत्र पोचवायला गेले तर दोन लोकांनी धरून बाहेर काढलं होतं. आणि आता सहासष्टाव्या वर्षी शांतपणे हात मारत तो खडकापर्यंत गेला, परत आला, चेहऱ्यावर शाळकरी पोरासारखा आनंद.

कधी शिकलात, म्हणून बाईंनी विचारलं. इथंच, ते म्हणाले. कुणाकडून? हा प्रश्न त्यांच्या तोंडून निसटलाच.

"आहे एक," पोस्टमन म्हणाले, आणि थांबले. पुढचं विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. ते वाट बघत उभे होते, कमरेएवढ्या पाण्यात, ओल्या मिशा घेऊन. बाईंनी कप विसळायला घेतला.

म्हणजे पोहायला शिकवलं. शेजारी बसून गप्पा मारल्या, गळ टाकायला दुसरी काठी घेतली आणि पोहायला शिकवलं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली, थोडं खाली, त्यांना विलक्षण कुतूहल होतं. कोण असेल? ह्या अबोल माणसाला बोलतं करणारं, पाण्यात उतरवणारं? आपल्याला तेहतीस वर्षांत जमलं नाही ते कुणाला जमलं? धंद्यातली सवय वाईट. वाईट शिवलेली खुर्ची दिसली तरी त्या उलटून बघायच्या, कसं केलंय म्हणून.

ऊन चढलं तशा बाईही पाण्यात गेल्या. त्यांना लहानपणी पोहता यायचं. थोरल्या भावानं नदीत शिकवलं होतं, त्या सात वर्षांच्या असताना. पण त्याला पन्नास वर्षं होऊन गेली आणि भावाचं नाव घरात निघत नसे. त्या चार पावलं गेल्या, लाटेनं बाजूला ढकललं, तोंडात खारट पाणी गेलं. पोस्टमन आले, त्यांनी पाठीखाली तळहात धरला.

"मान सोड," ते म्हणाले. "मान सोडली की बाकीचं आपोआप सुटतं."

बाईंनी मान सोडली. कान पाण्याखाली गेले आणि जग एकदम गप्प झालं. पाणी त्यांना धरून होतं, बरोबर त्यांच्या आकाराचं. कुठंतरी काहीतरी ओळखीचं हललं, हे आपण आधी ऐकलंय असं वाटलं, पण तेवढ्यात लाट नाकात गेली आणि ठसका लागला, आणि ते राहूनच गेलं.

दुपारी दोघं खडकावर गळ टाकून बसली. बाईंना वाटलं होतं हा रिकामटेकडा उद्योग असेल, पण तसं नव्हतं. दोरा बोटावर धरायचा आणि खाली काय चाललंय ते बोटानं वाचायचं, हे तर त्यांचंच काम. अर्ध्या तासात त्यांना गवत कोणतं, खडक कोणता आणि मासा कोणता ते कळायला लागलं. त्यांनी वीतभर मासा काढला. पोस्टमननी तो हातात तोलून बघितला, आणि तोंडातून निघून गेलं, की आम्हाला इथं एवढा कधी मिळाला नाही.

आम्हाला.

बाईंनी गळाला पुन्हा आमिष लावलं. 

जेवण झालं. मासा तळला, बटाटे उकडले, ब्रेड होता. जवळचा नळ दुपारी कोरडा पडायचा, म्हणून पोस्टमन दोन कॅन घेऊन पलीकडच्या वस्तीत गेले, जाऊन यायला पाऊण तास लागेल म्हणाले. गाडीचं दार उघडं होतं. पुढची सीट दिसत होती. आणि बाईंचे हात शिवशिवायला लागले.

पोस्टमन असू दे म्हणाले होते. म्हणूनच नसू द्यायचं, असं बाईंनी ठरवलं. जे कुणी असेल ते असो, पुढच्या वेळी येईल तेव्हा तिला कडक, सपाट, नवी सीट मिळेल. बस म्हणावं आता वळून! भांडण नको, रडारड नको. एक शब्द न बोलता एखाद्याला जागेवरून उठवायचं, ही पद्धत बाईंना फार आवडली.

त्यांनी पिशवीतला फोम मोठ्या कात्रीनं मापात कापून ठेवला, छोट्या कात्रीनं सीटच्या मागची शिवण उसवली, रेक्झीन पुढं दुमडलं. आत जुना काथ्या, त्यावर कापसाचा थर. सामान ठेवायला जागा हवी म्हणून पायाखालची चटई उचलली, आणि थांबल्या.

चटईला टाचेचं एक भोक पडलं होतं. एकच. डाव्या बाजूला, खूप पुढं, जवळजवळ पत्र्यापाशी. उजव्या पायाची साधी नेहमीची झीज होती, जिथं माणसाचा पाय येतो तिथं. म्हणजे एक पाय दुमडून, एक सरळ लांब. गप्पा मारायला वळून बसलेलं माणूस असं बसत नाही. बाईंनी पुन्हा सीटकडे बघितलं. मागं उजवीकडे खड्डा, आणि पुढं डाव्या काठावर, मांडीखाली, काथ्या दबून पापड झालेला. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. म्हणून तो लांब सोडायचा आणि सगळा भार उजव्या बाजूला घ्यायचा.

त्यांनी रेक्झीनचा काठ हातात घेतला. काठावरच्या पाइपिंगवर, शिवणीत घातलेल्या त्या गोल दोरीच्या किनारीवर, बारीक बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या, नखाच्या, ओळीनं. अंगठ्याचं नख दाबत दाबत पाइपिंग ताठ आहे का बघायचं, ही सवय वडिलांना होती. वडिलांकडून ती दोघांना आली. धाकटीला, आणि दुकानाच्या माळ्यावरून पडून नवव्या वर्षी गुडघा गमावलेल्या थोरल्याला. बाईंचा अंगठा न विचारता त्या ओळीवर गेला आणि बरोबर बसला.

बाई पायरीवर बसल्या.

मान सोड. नदीत, तिच्या पाठीखाली हात धरून, दादा म्हणायचा. जमिनीवर लंगडायचा आणि पाण्यात कुणाला सापडायचा नाही. मान सोड गं टाचणे, मान सोडली की बाकीचं आपोआप सुटतं. टाचणी हे नाव त्यानंच ठेवलं होतं, कारण ती लहानपणी तोंडात टाचण्या धरून हिंडायची.

आठ वर्षं झाली होती. आई गेल्यावर आईची खुर्ची बाईंनी दुकानात मागच्या खोलीत ठेवली होती. जुनी, झिजलेली, बसून बसून मधे आईच्या मापाची झालेली. बाई येताजाता त्या खोलग्यात हात ठेवायच्या, कुणी बघत नाही असं बघून. आणि एकदा त्या चार दिवस बाहेरच्या कामाला गेल्या असताना दादानं ती खुर्ची उघडली. बहिणीला खूश करायचं म्हणून. नव्या स्प्रिंगा घातल्या, नवा कापूस भरला, वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं उत्तम कापड चढवलं. काम असं की बोट ठेवायला जागा नाही. बाई आल्या, त्यांनी ती टम्म फुगलेली सीट बघितली, हात ठेवला. आत कुणी नव्हतं.

तू आईला दुसऱ्यांदा नेलंस, असं त्या म्हणाल्या.  दादानं काठी उचलली आणि गेला. मग कळलं की तो कुठंतरी किनाऱ्यावर होड्यांच्या गाद्या शिवतो. त्यानंतर ना ह्यानं पत्र टाकलं ना हिनं, आणि घरात तर पोस्टमन!

बाईंनी पायाशी बघितलं. तिथं नवा फोम होता, मापात कापलेला. शेजारी मोठी कात्री. अजून पाच मिनिटं, आणि तो सगळा काथ्या त्यांनी ओढून खडकांत टाकला असता. दादाचा पाय, दादाचा भार, पाच वर्षांचे सगळे रस्ते. रागानं काढला असता म्हणा, पण राग नसता तरीही काढलाच असता. सकाळी बसल्या बसल्या, पुरतं काही मनात यायच्या आतच, त्यांचे हात शिवशिवले होते ना? बसलेली सीट दिसली की ह्या घरच्या हातांना राहवत नाही. दुसरं काही नव्हतं दादाच्या हातात. हेच होतं.

आठ वर्षं त्या म्हणत आल्या होत्या की त्याला कळायला हवं होतं. आता त्या पायरीवर एकट्या बसून ढसाढसा रडल्या, नाक लाल होईपर्यंत. मग तोंड धुतलं, फोम पिशवीच्या तळाशी घातला आणि वाकड्या सुईत मेणाचा दोरा ओवला. काथ्याला बोट लावलं नाही. रेक्झीन अलगद जागेवर ओढलं आणि मागची शिवण आपल्या दुहेरी टाक्यानं बंद केली. काठाला पाइपिंग बोटभर उसवलं होतं, तेही जाता जाता त्याच घरच्या टाक्यानं शिवलं. तेवढं न करता त्यांना जमलंच नसतं.

पोस्टमन कॅन घेऊन आले तेव्हा बाई उरल्यासुरल्या पाण्यात चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी उघडी सुयांची पेटी बघितली, सीट बघितली, आणि कॅन हातातच धरून उभे राहिले. भरलीस का, हे विचारायचंही त्यांना धैर्य होईना.

"दादाचा गुडघा आता कसा आहे?" बाईंनी विचारलं.

पोस्टमननी कॅन खाली ठेवले. एक सांडला, तिकडे लक्ष गेलं नाही.

"थंडीत दुखतो," ते म्हणाले. "पाण्यात असला की नाही दुखत."

मग सगळं बाहेर आलं, हळूहळू, चहा निवेपर्यंत. पाच वर्षांपूर्वी ते त्याला शोधत आले होते. दादानं अट घातली होती, आपणहून काही सांगायचं नाही, पण तिनं विचारलं तर लपवायचंही नाही. दर महिन्याला घरी गेल्यावर ते वाट बघायचे, बाई विचारतील म्हणून. बाई विचारायच्या, मासे मिळाले का? ते थोडेसे म्हणायचे. तेवढ्यावर ते प्रकरण संपायचं. आज सीट भरते म्हणाली तेव्हा जीव धसकला होता, हेही त्यांनी सांगितलं. आणि दादा दर वेळी काय विचारतो तेही. तिचे डोळे कसे आहेत, सुईत दोरा ओवता येतो का अजून.

बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की येतो.

दादाचं गाव तिथून वीस मिनिटांवर होतं. पोस्टमननी फोन केला, निघतोय, नेहमीच्या थांब्यावर ये, एवढंच म्हणाले. बाईंनी खूण करून विचारलं, मी आहे हे का नाही सांगितलं? पोस्टमन म्हणाले, पाकीट पोचवणं माझं काम. आत काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं.

गाडी निघाली तेव्हा बाई पुढं बसल्या नाहीत. मागं फळ्यांच्या पलंगावर, त्या तिरक्या खिडकीपाशी बसल्या.  काय बोलायचं ते त्या जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्य उसवून पुन्हा सुरू करत होत्या. उतरत्या उन्हात बसथांबा दिसला आणि त्याच्या खांबाला टेकून काठी घेतलेला एक माणूस. केस सगळे पांढरे झाले होते. हे कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

गाडी थांबली. दादानं दार उघडलं, काठी आत ठेवली, आणि चढायच्या आधी सीटवर हात टेकला, दर वेळच्या सवयीनं. अंगठा पाइपिंगवरून पुढं सरकला. मधेच एका ठिकाणी थांबला. मागं आला, पुन्हा त्याच ठिकाणी गेला. त्यानं पोस्टमनकडे बघितलं नाही, मागंही बघितलं नाही. मान खाली घालून, हात तसाच ठेवून, तो रस्त्यावर उभा राहिला. मागून एक बस येऊन हॉर्न वाजवायला लागली.

"टाचणे," तो म्हणाला, "आत काय भरलंस?"

बाईंनी जुळवलेलं सगळं विरून गेलं.

"काही नाही रे दादा. होतं तसंच ठेवलंय."

दादानं मान हलवली. मग डावा पाय हातानं उचलून आत घेतला, लांब सोडला, आणि आपल्या जागी बसला.